घरातील बुजुर्गांची चक्कर : कानाच्या आतला बिघाड आणि हाड मोडण्याचा धोका

"अम्मीला उठताना चक्कर येते." "अब्बा आजकाल भिंत धरून चालतात." अशी वाक्यं आपल्या घराघरांत ऐकायला मिळतात. त्यामागोमाग ठरलेलं उत्तर येतं, "वय झालंय, चालायचंच." मग एखाद्या पहाटे फजरच्या वुजूसाठी उठताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. त्यानंतर सगळं घर धावपळ करतं. ऑपरेशन, रक्ताची सोय, पैशांची जुळवाजुळव. पण ज्या चक्करमुळे हे सगळं झालं, तिची चौकशी कुणी करत नाही.

उतारवयातल्या चक्करचं एक मोठं कारण कानाच्या आत असतं. त्यातला सर्वांत जास्त आढळणारा आजार दहा मिनिटांत तपासता येतो आणि बऱ्याचदा त्याच बैठकीत बराही करता येतो. म्हणून चक्करकडे वेळीच लक्ष दिलं तर मोडणारं हाड वाचू शकतं. या लेखात हा आजार काय आहे, तो कसा ओळखायचा, इलाज काय आणि नमाज, वुजू, घर, मशीद इथे काय काळजी घ्यायची, याची माहिती एकत्र दिली आहे.

तोल सांभाळतो कोण?

कान म्हणजे ऐकण्याचं इंद्रिय, एवढंच आपल्याला माहीत असतं. पण कानाच्या अगदी आतल्या भागात, कवटीच्या हाडात दडलेला, तोल सांभाळणारा एक वेगळा अवयव आहे. प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि दोन छोट्या पिशव्या असतात.

नळ्यांमध्ये द्रव भरलेला असतो. पाण्याने भरलेली बादली एकदम गोल फिरवली की बादली फिरते, पण आतलं पाणी क्षणभर मागे राहतं. तसंच इथे होतं. डोकं वळलं की नळी वळते, द्रव मागे राहतो आणि आतल्या नाजूक केसपेशी वाकतात. डोकं कोणत्या बाजूला आणि किती वेगाने वळलं, याची खबर तिथून मेंदूला जाते. पिशव्यांमध्ये कॅल्शियम कार्बोनेटचे अतिशय बारीक कण एका चिकट थरावर बसलेले असतात. डोकं झुकलं की हे कण आपल्या वजनाने सरकतात. गवंड्याच्या लेव्हलमधला बुडबुडा जसा सपाटी दाखवतो, तसे हे कण खाली कुठे आणि वर कुठे ते मेंदूला सांगतात.

एकटा कान मात्र पुरेसा नाही. तोल तीन आधारांवर उभा असतो: कान, डोळे आणि पायाच्या तळव्यांपासून मानेपर्यंतच्या सांध्यांतून व स्नायूंतून येणारी जाणीव. एक आधार कमजोर झाला तर बाकीचे दोन निभावून नेतात. म्हणूनच कानाचा बिघाड झालेली व्यक्ती दिवसा उजेडात ठीक चालते आणि रात्री अंधारात पडते. अंधारात डोळ्यांचा आधार जातो. त्यात शुगरमुळे तळपाय बधिर असतील तर तिसरा आधारही जातो. मोतीबिंदू, मधुमेह आणि कानाचा बिघाड हे तिन्ही एकाच बुजुर्ग व्यक्तीत असणं आपल्याकडे काही नवलाचं नाही.

कानाचे कोणते आजार तोल बिघडवतात?

*१. कानातले कण निसटणे.* वैद्यकीय भाषेत याला बीपीपीव्ही म्हणतात. पिशवीतले कण सुटून नळीत शिरतात. मग डोकं एका ठरावीक स्थितीत गेलं की कण घरंगळतात, द्रव हलवतात आणि डोकं फिरत नसताना फिरतंय अशी चुकीची खबर मेंदूला जाते. अंथरुणात कूस बदलली, झोपून उठलं, वर माळ्यावर पाहिलं किंवा खाली वाकलं की खोली गरगर फिरते. हा झटका सहसा एका मिनिटाच्या आत थांबतो. दिवसभर गरगरत राहत नाही, पण मळमळ आणि डोकं हलकं वाटणं बराच वेळ टिकू शकतं. कानामुळे येणाऱ्या चक्करीत हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. वयाबरोबर तो वाढतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त दिसतो.

*२. तोलाच्या नसेला सूज.* याचं नाव व्हेस्टिब्युलर न्युरायटिस. अचानक जोराची चक्कर सुरू होते, उलट्या होतात आणि हे तासन्‌तास किंवा एक-दोन दिवस चालतं. ऐकू येणं मात्र कमी होत नाही. जोर ओसरल्यावरही काही आठवडे चाल डगमगती राहू शकते.

*३. मेनियरचा आजार.* फ्रान्सचे डॉक्टर प्रॉस्पर मेनियर यांनी १८६१ मध्ये मांडलं की असा त्रास मेंदूतून नव्हे, तर कानातून येऊ शकतो. यात २० मिनिटांपासून काही तासांपर्यंत चक्कर येते. सोबत एका कानात दडा बसतो, आवाज घुमतो आणि ऐकू कमी येतं. अशा रुग्णांना डॉक्टर मीठ कमी करायला सांगतात. म्हणजे लोणचं, पापड आणि कोकणातल्या घरांत सुकट-बोंबील यांवर हात आवरावा लागतो.

*४. दोन्ही कान कमजोर होणे.* यात गरगरणं नसतंच. चालताना रस्ता आणि पाट्या हलताना दिसतात, अंधारात पाऊल पडत नाही. काही औषधांमुळे असं होतं. जेंटामायसिन हे त्यातलं एक इंजेक्शन, तर पूर्वी टीबीच्या इलाजात दिलं जाणारं स्ट्रेप्टोमायसिन हे दुसरं. ज्यांनी तरुणपणी टीबीची इंजेक्शनं घेतली आहेत त्यांनी डॉक्टरांना हे आवर्जून सांगावं.

*५. वयाची झीज.* केसपेशी वयाबरोबर कमी होत जातात. गुडघ्याची झीज आपण मान्य करतो, ही झीज दिसत नाही म्हणून लक्षात येत नाही.

ऐकण्याचाही पडण्याशी संबंध आहे. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ऐकू थोडं कमी येणाऱ्यांमध्येही पडण्याचं प्रमाण जवळजवळ तिप्पट आढळलं. भिवंडी-मालेगावात यंत्रमागाच्या खडखडाटात आयुष्य काढलेल्या बुजुर्गांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

चक्कर, पडणं आणि फ्रॅक्चर

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरण पावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरच्या अपघातांनंतर पडण्याचाच नंबर लागतो, आणि असे मृत्यू साठीच्या पुढे सर्वांत जास्त होतात.

यात कानाचा वाटा किती? अमेरिकेत २००१ ते २००४ या काळात ४० वर्षांवरील पाच हजारांहून अधिक लोकांची तोलाची चाचणी घेतली गेली. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सुमारे ३५ टक्के लोकांमध्ये तोलाच्या यंत्रणेत बिघाड आढळला. ज्यांना बिघाडही होता आणि चक्करही येत होती, त्यांच्यात पडण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत १२ पट होती. दुसरा एक अभ्यास २००० सालचा. तिथे वृद्धांच्या दवाखान्यात दुसऱ्याच तक्रारींसाठी आलेल्या १०० जणांची तपासणी केली, तर ९ जणांना बीपीपीव्ही निघाला. त्याचं निदान तोवर कुणी केलेलंच नव्हतं.

आता हाडांकडे या. खुब्याची १० पैकी ९ पेक्षा जास्त फ्रॅक्चर पडल्यामुळे होतात. माणूस कुशीवर पडतो आणि मांडीच्या हाडाची मान मोडते. पुढे हात टेकवला तर मनगट मोडतं. बुडावर आदळलं तर मणका दबतो. यात खुब्याचं फ्रॅक्चर सर्वांत वाईट. निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांत अशा वृद्ध रुग्णांपैकी साधारण २० ते ३० टक्के वर्षभरात दगावल्याचं दिसतं. हाड हे त्याचं थेट कारण नसतं. पडून राहिल्यामुळे न्युमोनिया, रक्ताच्या गाठी, पाठीच्या जखमा मागे लागतात. जे वाचतात त्यांच्यातले बरेच जण पुन्हा आधाराशिवाय चालू शकत नाहीत.

आणखी एक नुकसान आहे, ते एक्स-रेमध्ये दिसत नाही. एकदा पडलेला माणूस घाबरतो. बाहेर जाणं कमी करतो, मशिदीत जाणं सोडतो, कुणाकडे शादीला जात नाही. चालणं कमी झालं की पायांतली ताकद जाते, तोल आणखी बिघडतो आणि पुन्हा पडण्याचा धोका वाढतो. मुलं काळजी करतील किंवा फिरणं बंद करतील म्हणून कित्येक बुजुर्ग आपण पडलो हेच लपवतात. म्हणून "चक्कर येते का?" एवढंच विचारू नका. "गेल्या वर्षभरात कधी पडलात का? पडता पडता वाचलात का?" हेही प्रेमाने विचारा.

कानातले कण आणि हाडं: एकच कॅल्शियम

कानातले कण कॅल्शियमचे आणि हाडंही कॅल्शियमची. ज्यांची हाडं ठिसूळ आहेत आणि ज्यांच्या शरीरात ड जीवनसत्त्व कमी आहे त्यांच्यात बीपीपीव्ही जास्त दिसतो, असं अनेक अभ्यासांत आढळलं आहे. दक्षिण कोरियात सुमारे ९५० रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटात ज्यांचं ड जीवनसत्त्व कमी होतं त्यांना वर्षभर ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दिलं गेलं. त्या गटात चक्कर परत येण्याचं प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी कमी झालं.

म्हणजे ज्याला चक्कर येण्याचा धोका जास्त, त्याचंच हाड सहज मोडणारं. ही दोन्ही दुखणी एका घरात राहतात, पण आपण एकासाठी कानाच्या डॉक्टरकडे जातो आणि दुसऱ्यासाठी हाडाच्या डॉक्टरकडे. कानाचा डॉक्टर हाड पाहत नाही, हाडाचा डॉक्टर कान पाहत नाही. म्हणून घरच्यांनीच दोन्हीकडे दोन्ही गोष्टी सांगायच्या. पाळी थांबलेल्या बायकांनी आणि साठीपुढच्या पुरुषांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी आणि गरज असेल तर हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करून घ्यावी. डेक्साचा टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर हाडं ठिसूळ झाली असं मानतात. त्यावर चांगली औषधं आहेत.

ड जीवनसत्त्व मुख्यतः उन्हातून मिळतं. दाट वस्तीतल्या कित्येक घरांत ऊन पोहोचतच नाही आणि आपल्या बायकांचा बराच वेळ घरात जातो. गच्चीवर, आतल्या अंगणात, पडदा राखूनही हातापायांवर ऊन घेता येतं. आहारात दूध, दही, नाचणी, तीळ, काट्यांसकट खाता येणारी छोटी मासळी ठेवावी. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं मात्र मनाने घेऊ नयेत. जास्त झाली तर त्यांचाही अपाय होतो.

प्रत्येक चक्कर कानाची नसते

आपण गरगरणं, डोळ्यांपुढे अंधारी, कमजोरी, डगमगणं या सगळ्यालाच चक्कर म्हणतो. डॉक्टरांना मात्र फरक कळायला हवा, कारण इलाज वेगळा आहे.

- उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते आणि बसल्यावर बरं वाटतं: रक्तदाब एकदम उतरत असावा. बीपीच्या गोळ्या, पाणी कमी पिणं, रोजे हे कारण असू शकतं.
- घाम, थरथर, भूक आणि डोकं हलकं होणं: शुगर कमी झाली असावी. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी लगेच तपासावं.
- कूस बदलताना, वर-खाली पाहताना मिनिटभर गरगरणं: बीपीपीव्हीची शक्यता.
- छातीत धडधड, बेशुद्ध पडणं: हृदयाची तपासणी हवी.

आणि ही लक्षणं दिसली तर वाट न पाहता १०८ ला फोन करून मोठ्या रुग्णालयात जा: चक्करसोबत बोलणं अडखळणं, एकाची दोन चित्रं दिसणं, तोंड वाकडं होणं, हात किंवा पाय लुळा पडणं, गिळता न येणं, अचानक फार जोराची डोकेदुखी, किंवा आधार देऊनही उभं राहता न येणं. हा लहान मेंदूचा पक्षाघात असू शकतो आणि तिथे प्रत्येक मिनिट मोलाचं असतं.

आपल्याकडे चक्कर म्हटलं की "मानेचे मणके", "गॅस" किंवा "नजर लागली" ही तीन उत्तरं आधी येतात. दुआ जरूर करा, पण दुआसोबत दवाही करायची, हीच आपल्या दीनची तालीम आहे. आपल्या हकिमांनीही या दुखण्याला शतकांपूर्वीपासून आजारच मानलं आहे. युनानी तिब्बमध्ये याला 'दवार' म्हणतात आणि इब्न सीना यांच्या 'अल-कानून फित्-तिब्ब'मध्ये डोक्याच्या आजारांत त्याचं वर्णन आहे.

तपासणी कशी होते?

चक्कर कानातून येते हे डोळ्यांत दिसतं! कान आणि डोळे मेंदूतून जोडलेले आहेत, त्यामुळे कानाची खबर चुकली की बुबुळं आपोआप थरथरतात. व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांनी पाहिलं की कानात थंड पाणी सोडलं की बुबुळं एका बाजूला झटके देतात आणि गरम पाणी सोडलं की उलट्या बाजूला. त्यावरून त्यांनी तोलाच्या अवयवाची तपासणी शोधली. १९१४ सालचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं, आणि ती बातमी कळली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. कण निसटण्याच्या आजाराचं पहिलं नेमकं वर्णनही त्यांनीच १९२१ मध्ये केलं.

आज बीपीपीव्हीसाठी डिक्स-हॉलपाइक नावाची चाचणी करतात. रुग्णाला टेबलावर बसवून मान ४५ अंश एका बाजूला वळवतात आणि पटकन मागे झोपवतात, डोकं थोडं कडेखाली येईल असं. बुबुळं थरथरली की कोणत्या कानात बिघाड आहे ते कळतं. यासाठी महागडं यंत्र लागत नाही आणि सुरुवातीलाच एमआरआयची गरज नसते. सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातल्या कान-नाक-घसा विभागात ही तपासणी होते. मान किंवा पाठीचं मोठं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना सांगावं.

घरी स्वतः करण्यासारखी एक सोपी चाचणी आहे. खुर्चीवर बसा, उठा, ३ मीटर चाला, वळा, परत या आणि बसा. नेहमीच्या चालीने याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजून डॉक्टरांशी बोला. ही चाचणी करताना बाजूला एक माणूस उभा असावा.

इलाज: गोळीपेक्षा हालचाल

बीपीपीव्हीवर एप्ली पद्धत सर्वांत जास्त वापरली जाते. अमेरिकेतल्या जॉन एप्ली यांनी ती १९९२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकातून मांडली. यात डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट रुग्णाचं डोकं आणि शरीर ठरावीक क्रमाने चार स्थितींत वळवतात आणि प्रत्येक स्थितीत अर्धा ते एक मिनिट थांबतात. नळीत शिरलेले कण घरंगळत पुन्हा पिशवीत जातात. बहुतेकांना एक ते तीन वेळांत आराम पडतो. कोणता कान आणि कोणती नळी हे कळल्याशिवाय, मोबाइलवर व्हिडिओ पाहून वृद्धांवर हा प्रयोग करू नये. एकदा नीट शिकून घेतलं की डॉक्टर घरी करायलाही सांगतात, कारण हा त्रास परत येऊ शकतो.

न्युरायटिसनंतर किंवा वयाच्या झिजेत तोलाचे व्यायाम उपयोगी पडतात. १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी असे व्यायाम तयार केले, ते आजही शिकवतात. समोर धरलेल्या बोटावर नजर ठेवून मान डावी-उजवी हलवणं, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चालणं, अशी त्यांची जातकुळी आहे. सुरुवातीला थोडी चक्कर येते, पण त्यातूनच मेंदू नवीन हिशोब शिकतो. तोल आणि पायांची ताकद वाढवणाऱ्या व्यायामाने वृद्धांचं पडणं सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतं, असं शंभरहून अधिक प्रयोगांच्या २०१९ च्या आढाव्यात दिसून आलं.

गोळ्यांबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन यांसारख्या चक्करच्या गोळ्या मेडिकलमधून सहज मिळतात आणि काही घरांत वर्षानुवर्षं चालू असतात. या गोळ्या जोराच्या झटक्यात दोन-चार दिवसांसाठी ठीक. त्या कण जागेवर नेत नाहीत. उलट बरेच दिवस घेतल्या तर गुंगी येते, मेंदूचं शिकणं मंदावतं आणि वृद्धांमध्ये हात थरथरणं, अंग आखडणं, चाल मंद होणं अशी पार्किन्सनसारखी लक्षणं दिसू शकतात. म्हणजे पडू नये म्हणून घेतलेली गोळी पाडायला कारण होते. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा आणि यातली कोणती बंद करता येईल असं विचारा. मनाने मात्र काही बंद करू नका.

वुजू, नमाज आणि मशीद

आपल्या बुजुर्गांच्या दिवसात पाच वेळा उठणं, वाकणं, ओल्या फरशीवर पाय ठेवणं येतं. हीच हालचाल पायांची ताकद टिकवते. बीपीपीव्ही असेल तर मात्र सजद्यात जाताना किंवा सजद्यातून उठताना झटका येऊ शकतो.

- बेसिनमध्ये पाय उचलून धुणं थांबवा. एका पायावर, ओल्या फरशीवर, वाकलेल्या स्थितीत उभं राहणं म्हणजे पडण्याची पूर्ण तयारी. न घसरणाऱ्या स्टुलावर बसून वुजू करावा.
- सजद्यातून उठल्यावर क्षणभर बसावं, मग आधार घेऊन उभं राहावं. सलाम फेरताना मान हळू वळवावी.
- त्रास चालू असताना बसून किंवा खुर्चीवर नमाज अदा करण्याची सवलत आहे. हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) आजारी होते, तेव्हा पैगंबर (स.) यांनी त्यांना उभं राहून, ते जमत नसेल तर बसून आणि तेही जमत नसेल तर कुशीवर नमाज अदा करायला सांगितलं, हे सही बुखारीत आलं आहे. खुर्चीच्या नमाजेचे बारीक मसाइल आपल्या आलिमांना विचारावेत. "खुर्चीवर बसलो तर लोक काय म्हणतील" या संकोचाने कुणी हाड मोडून घेऊ नये.
- फजर आणि तहज्जुदला अंधारात उठू नये. पलंगाजवळ दिव्याचं बटण हाताशी हवं. उठल्यावर मिनिटभर पलंगाच्या कडेला बसावं.
- रमजानमध्ये बीपी-शुगरच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून आधीच बदलून घ्याव्यात. सहरी-इफ्तारमध्ये पाणी भरपूर प्यावं.
- हज-उमराहला जाण्याआधी चक्करची तपासणी करून घ्यावी. तवाफच्या गर्दीत तोल गेला तर सावरायला जागा नसते. व्हीलचेअर घेण्यात कमीपणा नाही.
- बुरख्याचा घेर पायात येणार नाही एवढीच लांबी ठेवावी. जिना उतरताना खालची पायरी दिसली पाहिजे.

मशीद कमिट्यांना करता येण्यासारखी कामं थोड्या खर्चाची आहेत. वुजूखान्यात पकडायला स्टीलचे दांडे, खडबडीत फरशी, पाणी निघून जाईल असा उतार, पायऱ्यांना कठडा आणि चपलांच्या जागी बसायला बाक. जुम्याच्या खुतब्याआधी दोन मिनिटं या विषयावर बोललं तरी कित्येक घरांपर्यंत बात पोहोचेल.

घरात काय बदलावं?

मोरी आणि संडासात पकडायला दांडा, रबरी मॅट, शक्य असेल तर उंच कमोड. घसरणारी सतरंजी आणि वायरी वाटेतून काढाव्यात. सैल स्लिपरऐवजी मागे पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल घ्यावी. रोजच्या वापराचे डबे खांद्याच्या उंचीवर ठेवावेत. स्टुलावर चढून माळ्यावरचं सामान काढणं वृद्धांनी पूर्ण बंद करावं. मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबवू नये. काठी वापरत असाल तर तिची उंची मनगटाच्या रेषेत असावी आणि तळाला रबर असावं.

पडल्यास काय करावं?

लगेच ओढून उभं करू नका. एक पाय आखूड झालेला आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला, मांडीत कळ येत असेल, तर खुब्याचं फ्रॅक्चर आहे असं समजा. पाय न हलवता स्ट्रेचरवरून न्या. मालिश करणाऱ्याकडे किंवा हाडवैद्याकडे नेऊन वेळ घालवू नका. असं ऑपरेशन साधारण २४ ते ४८ तासांच्या आत झालेलं चांगलं. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर बरं वाटत असलं तरी रुग्णालयात दाखवा. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या सर्व नागरिकांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयातल्या इलाजाची सोय आहे. ते कार्ड गरज पडण्याआधीच काढून ठेवा.

ऑपरेशन झालं की काम संपलं असं मानू नका. डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: "हे पडले का?" आणि "हाड एवढ्या सहज का मोडलं?" पहिल्या प्रश्नासाठी कानाची, डोळ्यांची, बीपीची तपासणी आणि दुसऱ्यासाठी हाडांच्या घनतेची. डोक्याला मार लागल्याने आणि बरेच दिवस झोपून राहिल्यानेही कानातले कण निसटतात. त्यामुळे पडल्यानंतर नव्याने चक्कर सुरू झाली तर तीही तपासायला हवी.

माँ-बापाची खिदमत म्हणजे फक्त दवाखान्याचं बिल भरणं नव्हे. ते पडण्याआधी त्यांच्या चालण्याकडे पाहणं, मोरीत एक दांडा लावणं आणि "वय झालंय" म्हणण्याऐवजी त्यांना एकदा कानाच्या डॉक्टरकडे घेऊन जाणं हीही खिदमतच आहे. अल्लाह आपल्या सर्व बुजुर्गांना सेहत आणि आफियत देवो. आमीन.

(हा लेख माहितीसाठी आहे. तपासणी आणि औषधं यांबाबत आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)